अंदमानच्या पाण्यातला पिंपाएवढा स्पंज, याला प्राणी का म्हणायचं? जाणकारांनी सांगा

माळमारुती
नमस्कार मंडळी. आमचा पुतण्या बेंगळूरला कामाला असतो, तो मित्रांबरोबर अंदमानला स्वराज द्वीपला जाऊन स्कूबा करून आला आणि रविवारी घरी येऊन टीव्हीला मोबाईल जोडून सगळे व्हिडिओ दाखवले. मासे वगैरे ठीक आहे ओ, पण एका व्हिडिओत खडकावर एक भलंमोठं पिंप उभं होतं. माणसाच्या कमरेएवढं उंच, रंग तपकिरी पण जरा गुलाबीकडं झुकणारा, अंगावर वरून खालपर्यंत उभ्या धारा, त्या पण सरळ नाहीत, मध्येच फुटलेल्या, कुठं एकमेकीत घुसलेल्या, वर तोंड उघडं, तोंडाचा काठ पातळ आणि फिका, आत पोकळ. आत कॅमेरा घातला तर भिंतीला चिकटून एक चिमुकला मासा बसलेला. इन्स्ट्रक्टरनं पाटीवर लिहून दाखवलं बॅरल स्पंज. आमची आई म्हणते झाड आहे, बायको म्हणते कोरल, पुतण्या म्हणतो प्राणी. आता डोळे नाहीत, पाय नाहीत, जागचं हलत नाही, मग प्राणी कशावरून? इथं सायन्सवाले कोण असतील तर नीट सांगा. लिंक टाकू नका, लिंक मला पण मिळते.

शहापूर_तात्या
भांडी घासायचा स्पंज पिवळा असतो एवढंच आम्हाला माहीत. बसलो बघा ऐकायला.

कोडीबाग_रिटर्न
पुतण्या बरोबर बोललाय, प्राणीच आहे तो. मी मूळची खानापूरची, कारवारला कोडीबागला कर्नाटक युनिव्हर्सिटीचं मरीन बायोलॉजीचं डिपार्टमेंट आहे तिथं शिकले, त्यामुळं हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. लांबड लागेल, सांभाळून घ्या.

तुम्ही वर्णन केलंय तो बहुतेक झेस्टोस्पाँजिया टेस्टुडिनारिया. लाल समुद्रापासून ऑस्ट्रेलियापर्यंत उष्ण पाण्यात प्रवाळाच्या आसपास सापडतो. त्याची जवळची भावकी तिकडं कॅरिबियन समुद्रात आहे, झेस्टोस्पाँजिया म्यूटा, दिसायला जवळजवळ तसाच आणि अभ्यास त्याच्यावर जास्त झालाय. धारांचं म्हणाल तर सगळ्यांना असतातच असं नाही, काहींच्या अंगावर बोटांसारखे उंचवटे, काही चक्क गुळगुळीत.

आता प्राणी कशावरून. एक म्हणजे तो स्वतःचं अन्न करत नाही, दुसऱ्याला खातो. पेशीला झाडासारखी भिंत नाही. शरीर बांधून ठेवायला आपल्यासारखंच कोलॅजन आहे. आणि शुक्राणू, अंडी, त्यातून पोहणारी अळी हे सगळं होतं, ती अळी थोडा काळ पोहते, मग एखाद्या खडकाला जी चिकटते ती कायमची. म्हणजे "हलत नाही" हे मोठेपणीचं झालं, बाळपणी हलतो.

आणि तोंड. सगळे इथंच फसतात. वरचं ते मोठं भोक तोंड नव्हे, ती बाहेर पडायची वाट. पाणी आत शिरतं ते अंगभर असलेल्या बारीक छिद्रांतून, मिलिमीटरच्या विसाव्या भागापेक्षा लहान, डोळ्याला दिसत नाहीत. आत अडकायचं ते अडकतं आणि उरलेलं पाणी मधल्या पोकळीत येऊन वरून बाहेर. १८२० च्या दशकात एडिनबरोला रॉबर्ट ग्रँट नावाचा माणूस काचेच्या वाटीत जिवंत स्पंज ठेवून मायक्रोस्कोपला डोळा लावून बसला, तेव्हा त्याला भोकातून पाण्याची धार सारखी बाहेर पडताना दिसली. झाड की प्राणी हा वाद त्याच्या आधीपासून चालूच होता, त्याच्यानंतर हळूहळू मिटला. डार्विन तरुणपणी एडिनबरोला होता तेव्हा याच ग्रँटबरोबर समुद्रकाठी फिरायचा.

शहापूर_तात्या
म्हणजे माळमारुतीच्या आईंचा काय दोष नाही, १८२० पर्यंत साहेब लोकांना पण कळत नव्हतं.

चिकोडी_मास्तर
मी पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, बायोलॉजी शिकवतो. फर्स्ट इयरला पोरिफेरा, म्हणजे स्पंजांचा गट, जेमतेम एक पान. सायकॉन, स्पाँजिला, यूस्पाँजिया, तीन नावं पाठ करायची, कॉलर सेलची आकृती काढायची आणि पुढच्या पानावर. पण दरवर्षी एखादा पोरगा उठून विचारतोच, सर पाणी ढकलतंय कोण, हृदय तर नाही. अक्का, तुम्ही लिहा की जरा ते, मी वर्गात वाचून दाखवतो. आकृती बघून पोरांना वाटतं की पंपासारखं काहीतरी एक मोठं मशीन आत बसवलंय.

कोडीबाग_रिटर्न
मास्तर, मशीन एक नाही, करोडो आहेत आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, हीच तर गंमत.

पाण्याच्या वाटेवर आत छोट्या छोट्या खोल्या असतात, त्यांच्या भिंतीला या कॉलर पेशी लागून बसलेल्या. प्रत्येकीला एक शेपटी आणि शेपटीच्या मुळाशी बारीक केसांची गोल कॉलर. शेपटी हलते, पाणी सरकतं, पाण्यातले जीवाणू त्या केसांत अडकतात, पेशी त्यांना गिळते. शेजारच्या दोन पेशींच्या शेपट्यांना एक ताल नसतो, मज्जातंतू नाहीत तर सांगणार कोण, ज्याची त्यानं आपापली हलवायची. तरी सगळ्यांचं मिळून पाणी एकाच दिशेला जातं, कारण खोलीत यायची दारं बारीक आणि जायचं दार मोठं, वाटांची मांडणीच तशी आहे.

पुस्तकात एक आकडा नेहमी असतो, ल्यूकोनिया नावाच्या लहान स्पंजाचा, १० सेंटिमीटर उंच आणि १ सेंटिमीटर जाड, त्याच्यात अशा वीस लाखांवर खोल्या आणि दिवसाला साडेबावीस लिटर पाणी त्यातून जातं. बोटाएवढा जीव, आणि आपल्याकडं नळाला पाणी येत नाही त्या दिवशी जेवढ्यात घर भागवतो त्याहून जास्त पाणी गाळतो. आता ते कमरेएवढं पिंप किती गाळत असेल याचा हिशेब पोरांनाच करू दे.

टिळकवाडी_वहिनी
बाई गं, साडेबावीस लिटर. मला एक सांगा, हाच वाळवून अंघोळीला वापरतात का? आमच्या सासूबाई घोसाळं वाळवून त्याची जाळी अंग घासायला ठेवायच्या, मला इतकी वर्षं वाटायचं स्पंज तोच आणि समुद्रातला म्हणजे तसलंच काहीतरी वेलीचं.

कोडीबाग_रिटर्न
वहिनी, घोसाळ्याची जाळी झाडाचीच, तिचा याच्याशी काय संबंध नाही. अंघोळीचा खरा स्पंज म्हणजे स्पाँजिया आणि हिप्पोस्पाँजिया, भूमध्य समुद्रातले आणि कॅरिबियनकडचे. ग्रीसच्या कालिम्नोस बेटावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या हेच काढायला पाण्यात बुड्या मारत आली. काढला की मांस कुजवून, धुवून, पिळून टाकतात आणि उरतो तो सांगाडा, स्पाँजिन नावाच्या मऊ धाग्यांचा. दुकानात मिळतो तो म्हणजे गेलेल्या जिवाचा सांगाडा हो.

पिंपवाला मात्र अंगाला लावायच्या लायकीचा नाही. त्याच्या अंगात सिलिकाच्या, म्हणजे ज्याची काच होते त्याच पदार्थाच्या, सूक्ष्म सुया खच्चून भरलेल्या असतात, दोन्ही टोकं निमुळती. त्यामुळं तो लवचीक नाही, कडक आणि ठिसूळ आहे, काठ दाबला तर कडकन तुकडा निघतो. व्हिडिओत मऊ वाटतो, हात लावला तर खरखरीत.

चंदगडी_बॉय
इन्स्टावर एक डायव्हर त्या पिंपात बसून फोटो काढलेला बघितला होता. भारी वाटला, मी पण जाणाराय पुढच्या वर्षी.

कोडीबाग_रिटर्न
नको रे बाबा. आत्ताच सांगितलं ना, ठिसूळ असतो. काठ मोडतो, आतली कातडी फाटते, जखमेतून रोग शिरतो. बोटीच्या नांगरानं आणि मासेमारीच्या दोऱ्यांनी पिंपं तुटतात ती वेगळीच, बुडातून निघालं की ते वाळूवर गडगडत राहतं, नेहमी परत चिकटतंच असं नाही. फोटो बाहेर उभा राहून काढ, चांगला येतो.

गुऱ्हाळवाला
मी अडाणी माणूस, पण एक विचारू का. तोंड वरच का? आणि पिंपासारखाच आकार का? आमच्या गुऱ्हाळात चुलवाणाची चिमणी बुटकी होती तेव्हा धूर मागं फिरायचा, चिपाड नीट जळायचं नाही, काहील तापायला उशीर. चिमणी दोन हात वाढवली तर काय ओढ घेतली म्हणता, आणि वर वारं सुटलं की आणखीनच. मला तो व्हिडिओचा किस्सा वाचून हेच डोक्यात आलं.

कोडीबाग_रिटर्न
दादा, अडाणी कसले, तुम्ही जे म्हणताय त्याच्यावर १९७० च्या दशकात स्टीव्हन व्होगल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं काम केलंय. तळाशी खडकाला घासून पाणी सावकाश वाहतं आणि जरा वर गेलं की प्रवाह जोरात. भोक वरच्या जोराच्या पाण्यात आणि बारीक छिद्रं खालच्या संथ पाण्यात, मग वरून जाणारा प्रवाहच आतलं पाणी ओढून घेतो, तुमच्या चिमणीवरून वारं गेल्यावर होतं तसं. शेपट्यांचं काम तेवढं हलकं होतं. त्यानं समुद्रात जिवंत स्पंजांवर मोजून दाखवलं की बाहेरचा प्रवाह वाढला की आतून जाणारं पाणी पण वाढतं.

दुसरा फायदा, गाळून झालेलं पाणी, ज्यात खायचं काय उरलं नाही आणि स्वतःची घाण आहे, ते वर लांब फेकलं जातं, परत त्याच छिद्रांतून आत येत नाही. आणि त्या उभ्या धारांनी बाहेरचा पृष्ठभाग वाढतो, म्हणजे छिद्रांना जागा जास्त. मला विचाराल तर स्पंजाचं रूप म्हणजे पाण्याची वाटच आहे, भोवती थोडं मांस लावून उभी केलेली. त्याच्या दिसण्यातलं जवळजवळ काहीही विचारा, उत्तर पाण्यापाशीच जाऊन थांबतं.

माळमारुती
हे एकदम पटलं. रंगाचं पण पाणीच का मग? बाहेरून तपकिरी आणि काठ फिका का?

कोडीबाग_रिटर्न
रंगाचं उत्तर उजेड. (लगेच अपवाद निघाला बघा.) तपकिरी रंगात मोठा वाटा भाडेकरूंचा आहे. बाहेरच्या पातळ थरात सायनोबॅक्टेरिया राहतात, उजेडावर जगणारे, त्यांना ऊन पाहिजे म्हणून ते फक्त बाहेर, कापून बघितलं तर आतलं मांस फिकट, मळकट पांढरं. काठाला नवीन वाढ चालू असते म्हणून तो पण फिका दिसतो. कधी कधी कॅरिबियनवाल्यांचा रंग उडतो, डाग डाग पडून पांढरे होतात आणि काही महिन्यांनी परत तपकिरी. प्रवाळाचा रंग गेला की जीव धोक्यात असतो, याचं बऱ्याचदा तसं होत नाही.

आणि हे भाडेकरू थोडेथोडके नाहीत. काही जातीच्या स्पंजांत शरीराचा ४० टक्क्यांपर्यंत भाग जीवाणूंचाच असतो. जीवाणू खाऊनच जगणारा प्राणी आणि पोटात जीवाणूंची वसाहत सांभाळतो, कोणाला खायचं आणि कोणाला ठेवायचं हे त्याला कसं कळतं यावर अजून लोक पीएचडी करतात.

निपाणी_मेडिकल
मी फार्मसीत आहे. कॉलेजात शिकताना कुठंतरी वाचलं होतं की सायटाराबिन इंजेक्शन, ल्युकेमियाला देतात ते, स्पंजापासून आलंय. खरं आहे का, की व्हॉट्सॲप युनिव्हर्सिटी?

कोडीबाग_रिटर्न
खरं आहे. १९५० च्या सुमारास वर्नर बर्गमान यांनी फ्लोरिडाजवळच्या उथळ पाण्यातल्या एका स्पंजातून वेगळ्याच साखरेची न्यूक्लिओसाइड, म्हणजे डीएनए ज्यातून बनतो तसले तुकडे, काढली. नेहमीच्या न्यूक्लिओसाइडला रायबोज किंवा डीऑक्सिरायबोज असते, याच्यात अरॅबिनोज. तिथून सुचलं की असा थोडासा बदललेला तुकडा पेशीला खपवला तर तिचा डीएनए बनायचा थांबेल, आणि त्या वाटेनं सायटाराबिन लॅबमध्ये तयार झालं, अमेरिकेत १९६९ ला मान्यता मिळाली. त्यामुळं बाटलीत स्पंज पिळलेला नसतो, कारखान्यातच करतात, कल्पना तेवढी स्पंजाची.

अजून एक आहे, एरिब्युलिन, ब्रेस्ट कॅन्सरला, त्याचं मूळ जपानच्या हॅलिकाँड्रिया नावाच्या काळ्या स्पंजात, २०१० ला मंजूर झालं. एका जागी बसलेला, पळता न येणारा, मऊ मांसाचा जीव म्हटल्यावर त्याच्याजवळ विष असणारच. नाहीतर माशांनी कधीच फस्त केला असता.

निपाणी_मेडिकल
थँक्यू अक्का. मग त्याला कोणीच खात नाही का?

कोडीबाग_रिटर्न
खातात की. हॉक्सबिल कासव, चोचीवालं, त्याचं कॅरिबियनमधलं मुख्य जेवणच स्पंज, पोटात सिलिकाच्या सुया खच्चून भरलेल्या मिळतात, १९८८ ला अ‍ॅन मेलन यांनी ते लिहिलं. काही एंजलफिश पण खातात. काचेच्या सुया खाऊन पचवायच्या म्हणजे कमालच.

शहापूर_तात्या
ते सगळं असू दे. पुतण्याचा इन्स्ट्रक्टर म्हणाला असेल की हे पिंप हजार दोन हजार वर्षांचं. सगळे टुरिस्टवाले असंच सांगतात, वडाच्या झाडाला पण हजार वर्षं, विहिरीला पण हजार वर्षं. जन्मदाखला कोणी बघितलाय?

माळमारुती
तात्या तुम्ही व्हिडिओ बघितला नाही तरी बरोबर ओळखलात, तसंच म्हणाला म्हणे.

कोडीबाग_रिटर्न
तात्यांची शंका बरोबर जागेवर आहे. झाडाला असतात तशी वर्षाची वलयं याला नसतात. फ्लोरिडात 'की लार्गो' नावाच्या बेटाजवळ स्टीव्हन मॅकमरे आणि जोसेफ पॉलिक यांनी ठरावीक पिंपांना खुणा करून काही वर्षं त्यांचे फोटो घेतले, मापं काढली, लहान किती वेगानं वाढतात, मोठे किती, त्यावरून गणित मांडलं आणि २००८ ला छापलं. वाढ अगदी सावकाश, वर्षाला काही सेंटिमीटर, मोठेपणी तर आणखी कमी. त्या गणितानं मीटरभर पिंप शंभराच्या वर जातं आणि सगळ्यात मोठ्या, अडीच मीटर रुंदीच्या पिंपाचा अंदाज २३०० वर्षं निघाला.

पण हे आलं म्यूटाचं. अंदमानच्या जातीला तो हिशेब जसाच्या तसा लावायचा नाही, इंडोनेशियात मोजलं तर ही जात बऱ्यापैकी भराभर वाढते असं दिसलंय. त्यामुळं कमरेएवढं पिंप शिवाजी महाराजांच्या काळातलं असं कोणी सांगितलं तर मान हलवायची आणि पुढं पोहायचं.

शहापूर_तात्या
हां. आता कसं.

चिकोडी_मास्तर
अक्का, मज्जातंतू नाहीत म्हणालात, मग कचरा आत गेला तर? गाळणी तुंबणारच की. पोरगा हा पण प्रश्न विचारेल, मी ओळखतो त्याला.

कोडीबाग_रिटर्न
शिंकतो तो! खरंच. कॅरिबियनमध्ये अप्लिसिना आर्चेरी नावाचा लांब नळीसारखा स्पंज आहे, उभा, पाईप लावल्यासारखा. २०२२ मध्ये त्याचे तासन्‌तास घेतलेले व्हिडिओ भराभर पळवून बघितले तेव्हा दिसलं की पाणी ज्या छिद्रांतून आत जातं त्याच छिद्रांतून चिकट द्रव उलट्या दिशेनं सावकाश बाहेर येतो, त्यात कचरा गुंडाळलेला. मग सगळं अंग आकसतं आणि तो साठलेला शेंबूड बाहेर सुटतो. एका शिंकेला २० ते ५० मिनिटं लागतात. आसपासचे छोटे मासे आणि इतर जीव तो खातात पण. (जेवत असाल तर सॉरी.)

आता नस नाही, स्नायू नाही, तर आकसतो कसा, तर बाहेरच्या कातडीच्या पेशीच आकसतात आणि रसायनाच्या निरोपावर एकीची दुसरीला खबर जाते, फार सावकाश. अ‍ॅम्फिमेडॉन नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या स्पंजाचा सगळा जीनोम २०१० ला वाचला तेव्हा मेंदूच्या पेशींच्या जोडांत लागणारे बरेच जीन त्याच्यात आधीच सापडले, मेंदू नसताना. पोराला हे सांगा, मग तो तुम्हाला महिनाभर सोडणार नाही.

चिकोडी_मास्तर
सोडणार नाहीच. मी पण एक भर टाकतो, विल्सन नावाच्या शास्त्रज्ञाचा प्रयोग, १९०७, अमेरिका. मायक्रोसियोना नावाचा लाल स्पंज घेऊन त्यानं बारीक विणीच्या रेशमी कापडातून पिळून काढला, खाली पाण्यात सुट्या पेशींचा गढूळ चिखल. थोड्या वेळानं त्या पेशी सरपटत एकमेकींना चिकटू लागल्या, गोळे झाले आणि काही दिवसांत त्यातून परत चालू स्थितीतले छोटे स्पंज. मला बीएस्सीला हे शिकवलं तेव्हा मी वहीत दोनदा अंडरलाईन केलं होतं.

टिळकवाडी_वहिनी
मला एक कळेना, तिकडचं पाणी तर निळंशार, आरपार दिसतं. एवढ्या स्वच्छ पाण्यात गाळून मिळणार काय? आपल्या नाल्याला बसवला असता तर धष्टपुष्ट झाला असता.

कोडीबाग_रिटर्न
वहिनी, मला परीक्षेत पण एवढा चांगला प्रश्न कोणी विचारला नव्हता. प्रवाळाच्या पाण्यात दिसण्यासारखं खाणं कमीच, पण विरघळलेलं बरंच असतं, प्रवाळ आणि शैवाल सतत साखरेसारखे पदार्थ पाण्यात सोडत असतात. बाकी बहुतेक प्राण्यांना ते फारसं खाता येत नाही, स्पंजाला येतं. यास्पर द खूय नावाचे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या मंडळींनी २०१३ ला 'सायन्स' मध्ये दाखवलं की स्पंज ते शोषून घेतात आणि त्याच्या बदल्यात जुन्या पेशी झाडून भुकटी बाहेर टाकतात, ती गोगलगाई, किडे वगैरे खातात, म्हणजे पाण्यात विरघळून वाया जाणारं परत ताटात आणून ठेवायचं काम हे करतात. त्यांनी ज्याच्यावर बघितलं तो हॅलिसार्का तर कपारीत पसरलेला पातळ पापुद्रा, पण त्याच्या कॉलर पेशी पाच सहा तासांत दुप्पट व्हायच्या. एवढं खाऊन अंग वाढत नाही कारण पेशी तितक्याच वेगानं गळतात.

नाल्यात मात्र मरेल. गाळानं छिद्रं बुजली की संपलं.

खानापूर_जंगल
मी बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितोय. आमच्याकडं मलप्रभेत उन्हाळ्यात पाणी उतरलं की दगडाच्या खालच्या अंगाला आणि पाण्यात पडलेल्या लाकडांना एक पापुद्रा असतो, कुठं हिरवा, कुठं मातकट, अर्धा बोट जाड. शेवाळ बोटाला बुळबुळीत लागतं तसं ते लागत नाही, कुरकुरीत लागतं आणि वास विचित्र येतो, माशाचा नव्हे, वेगळाच उग्र. म्हशी धुवायला जायचो तेव्हा आजोबा म्हणायचे त्याला हात लावून डोळे चोळू नका. हे तुमच्यातलंच काय?

कोडीबाग_रिटर्न
आमच्या गावाकडं असून मी हे लिहायला विसरले असते! जे सांगताय ते वाचून मला तरी गोड्या पाण्यातला स्पंजच वाटतोय, मास्तरांच्या पुस्तकातल्या स्पाँजिलाची भावकी. कुरकुरीत लागतं ते सिलिकाच्या सुयांमुळं आणि आजोबांचं बरोबर होतं, त्या डोळ्यात गेल्या तर आग होते. हिरवा असेल तिथं अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, सावलीतला मातकट.

पुढच्या उन्हाळ्यात गेलात तर एक करा. वाळत आलेल्या पापुद्र्याच्या बुडाशी, दगडाला लागून, अर्ध्या मिलिमीटरच्या पिवळट तपकिरी गोळ्या दिसतात का बघा, भिंग असेल तर उत्तम. त्या जेम्यूल. पाणी आटतंय असं झालं की स्पंज आपल्या मूळ पेशी त्या कवचात बंद करून ठेवतो, वरचा देह मरतो, गोळ्या कोरड्या दगडावर पावसाची वाट बघत पडून राहतात, जूनला नदी भरली की त्यातून परत स्पंज. समुद्रातल्या बहुतेकांना ही युक्ती लागत नाही, समुद्र कुठं आटतोय. भारतातल्या गोड्या पाण्याच्या स्पंजांवर नेल्सन अ‍ॅनंडेल यांचं १९११ चं जाडजूड पुस्तक आहे, ते पुढं झूऑलॉजिकल सर्व्हेचे पहिले संचालक झाले.

फोटो टाका, नावाचा अंदाज मात्र फोटोवरून करणार नाही, सुया मायक्रोस्कोपखाली बघाव्या लागतात.

चंदगडी_बॉय
पिंपाला पोरं कशी होतात ते राहिलं 😀

कोडीबाग_रिटर्न
त्यात हसण्यासारखं काय आहे. बऱ्याच स्पंजांत एकाच अंगात दोन्ही असतं, पिंपवाल्यात मात्र नर वेगळा, मादी वेगळी, बाहेरून ओळखू येत नाही. ठरावीक हंगामात एके दिवशी आसपासचे सगळे एकदम सुरू होतात. नराच्या वरच्या भोकातून पांढरा धूर निघतो, भट्टी पेटल्यासारखा, तो शुक्राणूंचा. मादीच्या भोकातून अंडी चिकट थरात बाहेर येतात, जड असतात म्हणून बुडाशी आणि आसपासच्या खडकावर पसरतात. तारीख कोण सांगतं विचारू नका, कॅलेंडर त्यांच्याकडं पण नाही.

माळमारुती
मंडळी, अंदमान सगळ्यांच्या खिशाला झेपणारं नाही. बेळगावहून जवळ कुठं बघायला मिळेल? चोर्ला घाटातून गोवा, आंबोलीतून मालवण, की मुर्डेश्वर?

कोडीबाग_रिटर्न
पाण्यात न उतरता बघायचं असेल तर वेंगुर्ल्याच्या किंवा कारवारच्या किनाऱ्यावर जाड शिंपले उचला. बऱ्याच शिंपल्यांवर ओळीनं नाही, कशीही विखुरलेली, टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं असतात आणि शिंपला फोडला तर आत सगळं पोखरलेलं, एका भोकातून दुसऱ्यात जाणारी भुयारं. एकच सुबक भोक असेल तर ते शिकारी गोगलगाईचं, पण असं चाळणी झालेलं असेल तर बहुतेक क्लायोना, पोखरणारा स्पंज. आम्लासारखं काहीतरी सोडून चुन्याचे बारीक बारीक कण कापून काढतो आणि स्वतः आत राहतो, जिवंत असताना भोकांतून पिवळे ठिपके डोकावतात. कालवांची शेती करणाऱ्यांना याचा त्रास होतो.

पाण्यात उतरायचं तर मालवण किंवा मुर्डेश्वरहून नेत्राणी बेट, पावसाळ्यात दोन्ही बंद असतं, दिवाळीनंतर पाणी निवळलं की जा. पिंप मिळेल अशी आशा धरून जाऊ नका. खडकावर पसरलेले नारिंगी, पिवळे, जांभळट पापुद्रे बघा, त्यावर जागोजाग उंचवट्यावर भोकं असतील तर स्पंज. हात लावू नका, काही जातींनी दिवसभर आग होते.

गुऱ्हाळवाला
जानेवारीत आमचा सीझन जोरात असतो, नोव्हेंबरात ठरवा म्हणजे मी येतो. पोहता येत नाही, चालतं काय?

कोडीबाग_रिटर्न
इन्स्ट्रक्टर धरून नेतो, चालतं. दमा, कानाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरला विचारा. आणि खाली गेल्यावर एखाद्या मोठ्या भोकासमोर हातभर अंतरावर थांबून पाण्यातल्या कणांकडं बघा, भोकासमोर आले की बाहेर ढकलले जाताना दिसतात. चिमणीवाल्याला ते लगेच दिसेल.

चंदगडी_बॉय
मी +२. टेम्पो ट्रॅव्हलर कोणाच्या ओळखीत आहे काय?